शंभर जणांचा गूगल फॉर्म बाजूला ठेवा

पत्र : मॅडम, मी मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. तृतीय वर्षाच्या तीन मुलांना यंदा ‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन-स्पर्धेसाठी माहितीयुद्धावर, म्हणजे खोट्या-अर्धवट माहितीने लढल्या जाणाऱ्या युद्धावर, प्रोजेक्ट करायचा आहे. विषय त्यांनीच काढला. तिघांतल्या एकीची आजी उरणला असते. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी ब्लॅकआउटचा मेसेज आला म्हणून आजी चार रात्री अंधारात बसून राहिली, देवापुढे दिवासुद्धा लावला नाही. तेव्हापासून मुलं या विषयाने झपाटली आहेत. पण प्राचार्य म्हणतात, हा लष्कराचा विषय, नसती भानगड नको. सहकारी म्हणतात, यात नवीन काय, सगळं इंटरनेटवर आहे. मुलांनी शीर्षक ठरवलंय, ‘माहितीयुद्ध : एक चिकित्सक अभ्यास’. शंभर जणांना पाठवायला गूगल फॉर्मही तयार केलाय. मला ते मनापासून पटत नाही, पण त्याऐवजी काय करा हेही सांगता येत नाही. मी स्वतः या विषयात काही शिकलेली नाही. मुलांचा उत्साह न मोडता त्यांना पुढे कसं नेऊ?
– म. प., बोरिवली

नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना मी उरणच्या आजींपाशीच थांबले. कारण त्यांना आलेला मेसेज बहुधा पूर्ण खोटा नव्हता. ७ मे २०२५ ला केंद्र सरकारने देशभर नागरी संरक्षणाचा सराव घेतला आणि महाराष्ट्रातल्या ठिकाणांच्या यादीत मुंबई आणि तारापूरबरोबर उरणचं नाव होतं. म्हणजे सराव खरा होता, तारीख खरी होती, गावाचं नावही खरं होतं. मग पुढच्या तीन रात्री कुठून आल्या? खऱ्या सूचनेच्या शेपटीला कुणी काही बांधलं, की सराव संपल्याचं आजींना कुणी सांगितलंच नाही? याचं उत्तर तुम्हाला, मला, त्या तीन मुलांना, कुणालाच आज ठाऊक नाही, आणि ते इंटरनेटवरही नाही. तुमच्या सहकाऱ्यांच्या ‘यात नवीन काय’ला एवढं उत्तर पुरे आहे.

माझी एक आठवण सांगते. जानेवारी १९९३, मुंबईतल्या दंगलींचे दिवस. मी कॉलेजात होते, दादरला चाळीत राहायचो. समुद्रातून हत्यारांच्या बोटी येणार, अशी बातमी संध्याकाळी चाळभर झाली. पुरुष गच्चीवर गस्तीला गेले. कुणाच्या हातात हॉकी स्टिक, कुणाच्या हातात कपडे वाळत घालायची काठी. बायकांनी तिखटाचे डबे दाराशी आणून ठेवले, आईने मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. माझे वडील गिरणीत कारकून होते, अतिशय मितभाषी. ते गच्चीवर गेले नाहीत. खालच्या मजल्यापासून एकेक दार वाजवत गेले आणि प्रत्येक दारात एकच विचारलं, “तुला कुणी सांगितलं?” पहिल्या मजल्यावरच्या काकांना दूधवाल्याने सांगितलं होतं. दूधवाल्याला कोपऱ्यावरच्या पानवाल्याने. पानवाला म्हणाला, तुमच्याच चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या पोराने. त्या पोराला त्याच्या आईने सांगितलेलं, आणि आईला पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी. वडील घरी आले आणि आईला म्हणाले, “गॅस बंद कर.”

पुढे मी वीसेक वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली, नंतर पत्रकारितेच्या मुलांना संशोधनपद्धती शिकवली. पण त्या रात्रीइतकं स्वच्छ फील्डवर्क मी क्वचितच पाहिलं. बातमीचं मूळ वडिलांना सापडलं नाही. तिचा रस्ता मात्र सापडला, आणि घाबरलेल्या माणसांना तेवढ्याचीच गरज होती.

म्हणून आधी ते शीर्षक काढून टाका. ‘एक चिकित्सक अभ्यास’ म्हटलं की मुलं व्याख्यांची सोळा पानं लिहितात, त्यात चाणक्य येतो, बहिर्जी नाईक येतात, शेवटी ‘माध्यम साक्षरता काळाची गरज’ येते, आणि आजी कुठेच नसतात. गूगल फॉर्मही राहू दे. ‘तुम्ही खोटी बातमी ओळखू शकता का?’ असं विचारलं तर कोण नाही म्हणेल? त्यातून कळतं ते माणसाचं स्वतःबद्दलचं मत. त्यापेक्षा मुलांनी दहा मेसेज छापून न्यावेत, पाच खरे, पाच खोटे, आणि माणसांसमोर ठेवून विचारावं, यातले खरे कुठले. खरे मेसेज असलेच पाहिजेत, हे मी मुद्दाम सांगते, कारण बहुतेक प्रोजेक्ट इथेच फसतात. नुसते खोटे मेसेज दाखवून लोकांना सावध केलं, तर लोक सगळ्यावरच अविश्वास दाखवायला शिकतात आणि आपल्याला वाटतं प्रयोग यशस्वी झाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दोनच दिवसांनी, पाणी येतंय अशा अफवेने जुहूच्या नेहरूनगर वस्तीत चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली. त्या आठवड्यात मुंबईकराला दोन्ही गोष्टी जमायला हव्या होत्या : पावसाच्या इशाऱ्यावर विश्वास ठेवायचा आणि त्या अफवेवर नाही ठेवायचा. मोजायचं ते हे तारतम्य.

पाच खोटे ठरवणार कोण, हा प्रश्न मुलं विचारतीलच, विचारू द्या. तो आपल्या हायकोर्टातही गाजला आहे. केंद्र सरकारच्या कामाबद्दलचा मजकूर खोटा आहे का हे सरकारच्याच फॅक्ट चेक युनिटने ठरवावं, असा नियम २०२३ मध्ये आला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तुमच्या तीन मुलांसाठी साधी रीत अशी : प्रत्येक मेसेज दोघांनी वेगवेगळं बसून तपासायचा, आपला पुरावा लिहायचा, मगच वह्या एकमेकांना दाखवायच्या. जिथे दोघांचं जुळत नाही तो मेसेज यादीतून बाहेर. किती जुळले, किती नाही, हा आकडा अहवालात छापायचा.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. तुमच्या कॉलेजात मराठी विभाग असेल. तिथली एखादी मुलगी या गटात घ्या. का ते एक उदाहरण देऊन सांगते. मुलं पळवणाऱ्या टोळीचा एक मेसेज माझ्या बहिणीच्या गावच्या ग्रुपवर आला होता. त्यात वाक्य होतं, “सर्व ग्रामस्थांना निवेदन आहे की आपल्या मुलांचे ध्यान ठेवा.” हे वाक्य मोठ्याने वाचून पाहा. मराठी माणूस निवेदन देतो ते तहसीलदाराला. शेजाऱ्याला तो विनंती करतो. मुलांकडे तो लक्ष ठेवतो, ध्यान लावून बसतो ते देवघरात. म्हणजे हा मजकूर आधी हिंदीत होता आणि कुणीतरी घाईघाईने मराठीत ओढून आणला. पुढच्या ओळीत तिच्या तालुक्याच्या बाजाराचं नाव होतं आणि ती ओळ मात्र अस्सल तिथल्या बोलीतली होती. एकाच मेसेजवर दोन हात फिरले होते. एका हाताने भाषांतर केलं, दुसऱ्याने गाव चिकटवलं. भीती गावात शिरते ती त्या दुसऱ्या हाताने.

हे वाचायला सॉफ्टवेअर लागत नाही, मराठी कान लागतो. ‘ध चा मा’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत अडीचशे वर्षं रुजला आहे. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला तेव्हा पत्रातलं एक अक्षर खरंच बदललं गेलं का, याबद्दल इतिहासाच्या अभ्यासकांना शंका आहे, आणि तरीही ती गोष्ट आपण पुराव्यासारखी सांगतो. एका अक्षराने काय होतं हे ज्यांच्या म्हणीत आहे, त्यांच्या मुलांनी फॉरवर्डमधलं अक्षर अन् अक्षर तपासायला नको? पन्नास मराठी मेसेज जमवा. कुठला शब्द हिंदीतून आला, कुठला इंग्रजीतून, कुठे गावाचं नाव बदललं, कुठे वर्ष खोडलं, याचा तक्ता करा. मुलांपैकी कुणाला संगणकाची आवड असेल तर पुण्याच्या एल३क्यूब गटाने मराठीसाठी भाषा-मॉडेल आणि मजकुरांचे संच खुले केले आहेत, त्यांचाही उपयोग होईल. पण आधी कागद आणि पेन.

या तक्त्याची गरज किती खरी आहे, ते धुळे जिल्ह्याने पाहिलंय. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना मारून टाकलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, भिक्षा मागत फिरणारे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली, आणि खोट्या माहितीवर संशोधन करणाऱ्यांना प्रत्येकी ५० हजार डॉलरपर्यंत निधी देण्याचं जाहीर केलं. एप्रिल २०२० पासून खूपदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा मेसेजवर दोन बाणांची खूण दिसते.

इथे मुलांना एक गंमत करायला सांगा, वर्गातच. दोन बाणांचा एखादा निरुपद्रवी मेसेज घ्यायचा, सुविचार वगैरे. मजकूर कॉपी करायचा आणि शेजारच्याला नवा मेसेज म्हणून पेस्ट करायचा. बाण गेले! आता प्रश्न असा : मुलांनी जमवलेल्या पन्नास मेसेजांत तोच मजकूर बाणांसह किती वेळा आला आणि बाणांशिवाय किती वेळा? बाणांशिवाय आलेला मजकूर लोक जास्त खरा मानतात का? हा आकडा मराठी ग्रुपांसाठी कुणी मोजून ठेवलेला मी पाहिलेला नाही. तुमची मुलं तो दोन महिन्यांत मोजू शकतात.

एखाद्याला फोनपेक्षा जुने कागद आवडत असतील तर त्याला फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात पाठवा. ऑक्टोबर १८९६ मध्ये प्लेगच्या वेळी गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला होता. आत नेलेला माणूस जिवंत परत येत नाही, डॉक्टरच मारतात, अशा वावड्या तेव्हा मुंबईभर होत्या. ब्रिटिश सरकार देशी वर्तमानपत्रांत काय छापून येतं याचे साप्ताहिक अहवाल करून घेत असे. त्या अहवालांतून त्या वावड्यांचा रस्ता शोधता येतो का?

दुसरं जुनं प्रकरण तर थेट आपल्या देशातून सुरू झालं. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या वर्तमानपत्रात एका अनाम अमेरिकी शास्त्रज्ञाचं म्हणून पत्र आलं : एड्सचा विषाणू अमेरिकी लष्कराने प्रयोगशाळेत बनवला. पत्राचा डाव सोव्हिएत गुप्तहेर खात्याचा होता. १९८५ मध्ये मॉस्कोच्या ‘लितरातुर्नाया गाझेता’ने तीच गोष्ट भारतीय वर्तमानपत्राचा हवाला देऊन पुन्हा छापली आणि मग ती जगभर गेली. १९९२ मध्ये रशियाच्या गुप्तचर प्रमुखांनी, प्रिमाकोव्ह यांनी, आपल्या लोकांचा यात हात असल्याची कबुली दिली. माहितीयुद्धाच्या जागतिक अभ्यासात हे उदाहरण हमखास असतं. पण १९८५ ते ८७ च्या मराठी वर्तमानपत्रांनी ते कसं छापलं? छापलं तरी का, शंका घेतली का? दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात फोन करून कुठल्या फायली बघायला मिळतील ते विचारा. मला स्वतःला याचं उत्तर हवंय, अगदी मनापासून.

एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर फेब्रुवारीत रडतील : प्रयोगातून काहीच फरक दिसला नाही, असं होऊ शकतं. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी राज्यशास्त्राच्या संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये बाराशेहून जास्त लोकांवर प्रयोग केला. घरी जाऊन तासभर शिकवलं, खोटी बातमी कशी तपासायची. एकंदरीत फरक पडला नाही. त्यांनी तसंच लिहिलं, आणि तो शोधनिबंध राज्यशास्त्राच्या सगळ्यात मानाच्या नियतकालिकांपैकी एकात छापून आला. नंतर त्या आणि त्यांचे सहकारी पुन्हा बिहारमध्येच गेले. या वेळी प्रयोगात तेरा हजारांवर किशोरवयीन मुलं होती आणि त्यांतल्या एका गटाला काही आठवडे वर्गात हे शिकवलं. फरक पडला, टिकला, आणि या मुलांच्या आईवडिलांनाही खरं-खोटं जास्त चांगलं ओळखता आलं. पहिला ‘फरक नाही’ लपवला असता तर दुसरा प्रयोग सुचलाच नसता. परीक्षकांसमोर मुलांनी “आमचा अंदाज चुकला” म्हटलं, तर तुम्ही त्यांच्या मागे उभ्या राहाल, हा शब्द त्यांना आज द्या. मार्गदर्शकाकडून मिळणारं प्रोत्साहन म्हणतात ते मला तरी एवढंच कळतं. पाठीवर थाप कुणीही मारतं.

प्राचार्यांचं म्हणणं उडवून लावू नका. त्यांच्या भीतीत तथ्य आहे. लष्करी हालचाली, गुप्त कागद, बंद ग्रुपात खोट्या नावाने शिरणं, बनावट खाती, यातलं काहीही होणार नाही, असं एका पानावर लिहून तिघांच्या सह्या घेऊन त्यांच्या टेबलावर ठेवा. आणि ‘हे शत्रुराष्ट्राने केलं’ असं वाक्य अहवालात एकदाही येणार नाही, हेही लिहा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या, आठवत असेल. पुढे चिनी हॅकरांच्या एका गटाबद्दल अमेरिकी कंपनीचा अहवाल आला, राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखवली, केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले मानवी चूक. एवढ्या यंत्रणा हाताशी असताना एकमत झालं नाही. तृतीय वर्षाच्या मुलांनी बोट कुणाकडे दाखवावं?

पण विषय फक्त लष्कराचा, हे मात्र मुंबईत बसून कुणी म्हणू नये. २६/११ च्या हल्ल्यात कमांडोंच्या हालचाली टीव्हीवर थेट दिसत होत्या आणि सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार त्या बघून फोनवर सूचना देत होते. २०१२ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रक्षेपणावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. तेव्हा लढाईचा एक भाग आपल्या दिवाणखान्यांतल्या पडद्यांवर चालला होता. मे २०२५ मध्ये संगणकावरच्या युद्धखेळातली दृश्यं खरा हल्ला म्हणून घराघरांत पोचली, तेव्हाही निशाण्यावर उरणच्या आजींसारखी माणसंच होती. प्राचार्यांना हे शांतपणे सांगा, ऐकतील.

लोकांचे मेसेज गोळा करताना मात्र मी कडक आहे. ग्रुपमधले मेसेज ही दुसऱ्याच्या घरातली चिठ्ठी आहे. ज्याच्या फोनमधून घेणार त्याची लेखी संमती, नाव-नंबर-फोटो खोडलेले, आणि खोटा मेसेज मुलांनी आपसांत सुद्धा फॉरवर्ड करायचा नाही, हाताने उतरवायचा. पोस्टरवर तो छापला तर त्यावर आडवा मोठा ‘खोटे’ शिक्का मारायचा, कारण पोस्टरचा फोटो काढून कुणीतरी परत फिरवणारच.

राहिल्या किरकोळ गोष्टी. ‘आविष्कार’चा गट मानव्यविद्या आणि भाषांचाच घ्या. अभियांत्रिकीच्या गटात चमकदार ॲप बघून मुलं बिचकतील. बाकी, फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट नव्या अभ्यासक्रमात आहेत, हे काम त्यात बसवता येईल का ते परीक्षा विभागाला विचारा, म्हणजे पारितोषिक मिळो न मिळो, मुलांचं वर्ष वाया जात नाही. तुम्ही स्वतः काही शिकलेल्या नाही म्हणता, त्याची मला चिंता वाटत नाही. दर शुक्रवारी अर्धा तास बसा आणि मुलांना विचारा, या आठवड्यात असं काय कळलं जे मागच्या आठवड्यात ठाऊक नव्हतं? ‘काही नाही’ असं उत्तर आलं तर तेही वहीत तारीख घालून लिहा.

सुरुवात उरणपासून करा. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडा, किंवा आता उरणपर्यंत लोकल जाते, तिने जा. तिघांनी एकदम फोनवर झडप घालू नये. नातीने आजींशेजारी बसावं, चहा होऊ द्यावा, त्या चार रात्रींचं त्यांच्या तोंडून ऐकावं आणि मग परवानगी घेऊन तो मेसेज शोधावा. तो कुणी पाठवला ते बघावं. बहुतेक ओळखीचंच नाव निघेल, भाचा, शेजारीण, भजनी मंडळातली कुणी. मग त्या माणसाच्या दारात जाऊन, अजिबात न रागावता, विचारावं, तुम्हाला कुणी पाठवला?